दत्तोबा साळोखे यांच्या गाडीस लिमिटेड स्लिप बसविल्याची हकीकत

ज्या प्रसंगाचे निवेदन मी येथे करणार आहे, त्यात एक मोटारगाडी, एक चढण, एक देव आणि दोन व्याही यांचा संबंध येतो. यांपैकी कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून सर्व गोष्टी जशा घडल्या तशाच क्रमाने मी मांडीन, आणि जे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही, ते पाहिले नाही असेच लिहीन. प्रसंगास आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. तरीही तो जसाच्या तसा माझ्या स्मरणात आहे, आणि स्मरणात आहे तोवर तो कागदावर यावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

त्या काळी मी कोल्हापुरात उद्यमनगरात दस्तगीर शिकलगार यांच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या कामावर होतो. त्यांना सर्वजण चाचा म्हणत. भाद्रपद महिना होता आणि गौरी-गणपतीचे विसर्जन नुकतेच झाले होते. सकाळी गॅरेजचे शटर वर करून आम्ही चहाची वाट पाहत असता दारात एक लाल रंगाची छोटी गाडी येऊन उभी राहिली. ती लाल आहे हे केवळ टपावरून समजत होते, कारण काचांच्या खालील सर्व भाग तांबड्या चिखलाने झाकला गेला होता. पुढील हुकास दाव्याचा एक तुकडा लोंबत होता.

गाडीतून दत्तोबा साळोखे उतरले. हे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. उभ्या नोकरीत एकही अपघात न केल्याबद्दल त्यांना एक बिल्ला मिळाला होता, आणि निवृत्तीनंतरही तो ते सदऱ्यावर लावीत असत.

"मिस्त्री," ते चाचांना म्हणाले, "ह्या गाडीत काय खोट हाय ते आज सांगायचं."

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "खोट काय दिसत न्हाई. धुवायला पायजे."

"चेष्टा नको. हिनं माझी अब्रू घालवली."

"कुठं?"

"वाघजाईवाडीला. लेकीच्या गावात. आन ती बी व्याह्यासमोर."

चाचांनी स्टूल पुढे सरकविले. अब्रूचा विषय उभ्याने बोलण्याजोगा नसतो, असे त्यांचे मत होते.

साळोखेमामांनी सांगितलेला वृत्तांत असा. त्यांची कन्या वैजयंता ही वाघजाईवाडीच्या ज्योतीराम सरनोबत यांची सून. जावई पलटणीत, सरहद्दीवर. वैजयंतास सातवा महिना सरत आलेला. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ही रीत, आणि सातव्यात आणावयाचे राहिले तर आठव्यात पाठवीत नाहीत हीही रीत. म्हणून आणण्याचा दिवस ठरविण्यासाठी मामा आपल्या गाडीने वाडीस गेले होते. वाडी एका लाल मातीच्या चढणीच्या माथ्यावर आहे. चढणीच्या मध्यावर गाडीचे एक पुढचे चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले आणि गाडी थांबली. मग व्याही दोन म्हशी घेऊन आले.

"दोन म्हशी," मामा म्हणाले. "त्यातली एक गाभण."

"मग ती काय म्हणाली?" चाचांनी विचारले.

"कोण?"

"म्हैस."

मामांनी त्यांच्याकडे पाहिले. "म्हैस काय म्हणत नसती. ज्योतीराम म्हणाला. सगळ्या वाडीच्या देखत, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. म्हणतो, 'व्याही, तुमची गाडी माझ्या दारात येत असंल तर सून पाठवतो. न्हाईतर बाळंतपण हितंच करतो. न्हाईतर मी जीप ठरवतो आन पोचती करतो.' म्हणजे बघा! मुराळी मी. लेक न्यायचा मान माझा. आन हा पोचती करणार!"

"मग तुम्ही ठरवा की जीप," चाचा म्हणाले.

"एवढी वर्षं लोकांच्या लेकी माहेरला पोचवल्या, मिस्त्री. माझी लेक भाड्याच्या जीपनं आणू?"

चाचांनी खाली वाकून चाकांकडे पाहिले. मग मामाच हळू आवाजात म्हणाले, "पितृपक्ष लागला की संपलं. वाडीत डॉक्टर न्हाई. एक सुईण हाय, तिला मोतीबिंदू झालाय. माझ्या लेकीला मी तिथं ठेवू शकत न्हाई."

तेव्हा चाचांनी मला गाडी जॅकवर घेण्यास सांगितले.

येथे यंत्राविषयी दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. चाचांनी मामांना ज्या शब्दांत ते समजावले, त्याहून सोपे शब्द मला सापडलेले नाहीत.

"मामा, तुमच्या बसला मागची चाकं ढकलत हुती आन वर पन्नास माणसांचं वजन. हिला पुढची चाकं वढत्यात. चढावर गाडीचा भार जातो मागं, पुढचं चाक पडतं हलकं. कळलं? आता दोन्ही चाकांच्या मधी असतो डिफरेन्शिअल. तो म्हणजे एक आई समजा. तिला दोन ल्योक. एक शेतात राबतोय, एक गावात रिकामा फिरतोय. तर ही आई सगळी भाकरी कुणाला घालती?"

"रिकाम्याला," मामा तत्काळ म्हणाले. त्यांना चुलत भाऊ होते.

"बरोबर. एक चाक चिखलात रिकामं फिरायला लागलं, की इंजिनची सगळी ताकद त्यालाच जाती. दुसरं घट्ट जमिनीवर हाय, पर त्याच्या वाट्याला काय न्हाई. त्याला इलाज हाय. लिमिटेड स्लिप. आत प्लेटा असत्यात. एक ल्योक लई उंडारला की ह्या प्लेटा आवळून धरत्यात आन दोघांच्या धोतराचा सोगा एकमेकाला बांधत्यात. एक फिरला तर दुसऱ्याला बी घेऊनच फिरंल."

"असं यंत्र मिळतंय?"

चाचांनी मागील फळीवरून गोणपाटात गुंडाळलेला एक लोखंडी गोळा खाली घेतला. आमच्या शहरात मोटारशर्यतीचा शौक जुना आहे. मामांच्या गाडीच्याच जातीची एक गाडी शर्यतीसाठी सजवलेली होती, आणि ती शर्यत चालू असताना एका विहिरीत उतरली. गाडी गेली, आतील हा भाग मात्र निर्दोष निघाला होता.

"विहिरीत पडलेल्या गाडीचा?" मामांचा चेहरा उतरला.

"विहीर काय ह्याच्यामुळं आली न्हाई मधी," चाचा म्हणाले.

काम मजकडे आले. गिअरबॉक्स खाली घेतला, फोडला, जुना डिफरेन्शिअल काढला, त्याची मोठी दातेरी चकती नव्यावर चढविली आणि बेअरिंगखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घालून पुन्हा पुन्हा घट्टपणा पाहिला. आतील प्लेटा बसविण्यापूर्वी तेलात मुरवाव्या लागतात. त्यासाठी योग्य आकाराचे भांडे गॅरेजात नसल्याने चाचांनी घरून लोणच्याची बरणी आणली. पुढे चाचींनी ती घरात परत घेतली नाही.

मामा रोज येऊन बसत. सर्व जुळणी झाल्यावर दोन्ही पुढची चाके अधांतरी ठेवून मी त्यांना बोलावले.

"मामा, डावं चाक हातानं फिरवा."

त्यांनी फिरविले. पूर्वी एक चाक फिरविले की दुसरे उलट दिशेस फिरे. आता उजवे चाकही त्याच दिशेने फिरले. मामांनी हात काढून घेतला, पुन्हा लावला, पुन्हा फिरविले.

"दोघं एकाच वाटेनं निघाले की," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला.

त्यानंतर मी गाडी रस्त्यावर नेली. ओढ उत्तम होती. परंतु एक गोष्ट तात्काळ ध्यानात आली. ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग हातात जिवंत होई. रस्ता ज्या बाजूस कलता असेल, चाकोरी ज्या बाजूस जात असेल, तिकडे ते हिसका मारी. दोन्ही चाके एकमेकांस बांधलेली. ज्याला पकड जास्त मिळे ते गाडीस आपल्याकडे खेची. मी परत येऊन चाचांना हे सांगितले.

"ते असतंयच," चाचा म्हणाले. मग ते मामांकडे वळले. "मामा, ऐका. हिच्यावर जोर दिला की स्टिअरिंग वढणार. दोन्ही हातानं धरायचं. सोडायचं न्हाई. कितीबी काय झालं तरी."

"मिस्त्री, मला सांगता? बस चालवलीया म्या, घाटातनं. स्टिअरिंग कवा सोडलं न्हाई."

हे ते प्रामाणिकपणे बोलले. याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही.

पितृपक्ष लागण्यापूर्वीच्या एका सकाळी आम्ही निघालो. चाचांनी मला बरोबर दिले होते. "हिंद्या, तू शेजारी बस आन गिअरबॉक्सचा आवाज ऐक. मामांशी बोलू नको. त्यांना गाडी चालवू दे." मागील सीटवर मामींनी नारळ, खण, हिरव्या बांगड्या आणि एक नवी साडी ठेवली होती. मामा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात होते. बिल्ला होता. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि आकाश पुन्हा भरून आले होते.

चढणीच्या पायथ्याशी ज्योतीराम सरनोबत उभे होते. उंच, सडपातळ, डोक्यास टॉवेल. त्यांच्या मागे दोन म्हशी उभ्या होत्या.

"रामराम, व्याही," ते म्हणाले.

"रामराम." मामांनी काच खाली केली. "म्हशी कशाला आणल्यासा?"

"असू द्यात. चरायला आणल्यात."

"जू घालून चरत्यात व्हय तुमच्यातल्या म्हशी?"

ज्योतीराम यांनी म्हशींकडे पाहिले, जणू ते जू त्यांनाही आत्ताच दिसले होते. "चढ वला हाय," एवढेच ते म्हणाले.

मामांनी काच वर घेतली. पहिला गिअर पडला. मी कान गिअरबॉक्सकडे लावला.

गाडी चढू लागली. हे वाक्य लहान आहे, परंतु त्याचा अर्थ मोठा आहे. जेथे मागच्या खेपेस डावे चाक फिरले होते, तेथे तेल ओतल्यासारखी माती होती. डावे चाक क्षणभर घसरले, प्लेटांनी त्यास धरले, उजव्याने ओढ घेतली आणि गाडी पुढे गेली. स्टिअरिंग मामांच्या हातांत उजवीडावीकडे झटके देत होते आणि मामा त्यास कासरा ओढल्यासारखे धरून होते. मागून ज्योतीराम म्हशींसह झपाझप येत असल्याचे मला आरशात दिसले. अंतर वाढत होते.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "बघितलंस, चौगले?"

मी मान हलवून होकार दिला. न बोलण्याची आज्ञा होती.

चढणीच्या वरच्या वळणावर जांभळीच्या झाडाखाली म्हसोबाचे ठाणे आहे. दगडी चौथरा, त्यावर शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे अनघड दगडाचा देव. ते दिसताच मी डोळे मिटले व हात जोडले. त्यामुळे त्यानंतर जे घडले ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. मला प्रथम एक जोराचा हिसका बसला, नंतर गाडी उजवीकडे झेपावल्याचे जाणवले, नंतर एक धक्का बसला, आणि इंजिन बंद पडले.

डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, म्हसोबा होता. गाडीची पुढील चाके चौथऱ्याच्या पायरीवर होती. शेजारी मामा बसले होते. त्यांचे दोन्ही हात छातीपाशी जोडलेले होते.

मी माझे जोडलेले हात खाली घेतले.

"मामा," मी म्हणालो, "स्टिअरिंग सोडलं हुतंसा का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "नमस्कार केला."

वाचकांस हे विचित्र वाटू नये म्हणून सांगतो. वाटेत लहानमोठी देवळे आली होती आणि तेथेही त्यांनी हात जोडले होते. परंतु सपाटीवर ते त्या वेळी पाय उचलीत. जोर नसला की स्टिअरिंगही ओढ घेत नाही, आणि गाडी सरळ जाई. या चढणीवर पाय उचलणे शक्य नव्हते. आणि घाटातील देवापुढे हात जोडणे म्हणजे स्टिअरिंग सोडणे, असा विचार त्यांच्या काय, माझ्याही मनात कधी आलेला नव्हता. बस तेवढा वेळ स्वतः जाते, असेच आम्ही सर्व धरून चाललो होतो.

जवळच गवत कापणारे एक वृद्ध गृहस्थ विळा घेऊन धावत आले. त्यांनी गाडीकडे पाहिले, देवाकडे पाहिले, आणि विळा खाली ठेवून दंडवत घातले.

"वढून घेतली," ते म्हणाले. "देवानं वढून घेतली गाडी."

मामांच्या मुद्रेवर थोडी आशा दिसली. इतक्यात ज्योतीराम पोहोचले. त्यांना धाप लागली होती.

"लागलं का कुणाला?"

"न्हाई."

त्यांनी चाकांच्या खुणा पाहिल्या. मग ते त्या वृद्धास शांतपणे म्हणाले, "देवानं न्हाई वढली, तात्या. मी मागनं बघत हुतो. व्याह्यांचे दोन्ही हात वर हुते."

मामा खाली उतरले नाहीत. त्यांनी गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला, आणि गाडी दोन्ही चाकांनी माती उडवीत पायरीवरून मागे आली. म्हशींची गरज पडली नाही. पुढील बंपर एका कोपऱ्यात दबला होता. तशीच ती उरलेली चढण चढून सरनोबतांच्या अंगणात जाऊन उभी राहिली, अगदी उंबऱ्यासमोर.

"आली का दारात?" मामा उतरून म्हणाले.

"आली," ज्योतीराम म्हणाले. "गाडी चांगली हाय. पर सून पाठवणार न्हाई."

"अट गाडीची हुती!"

"अट गाडीची हुती. आता ड्रायव्हरची हाय." त्यांनी टॉवेल सोडून तोंड पुसले. "व्याही, मला एक सांगा. आता उतारावर तुम्ही म्हसोबापुढनं जाणार. हात जोडणार न्हाई, असं म्हणा. एवढं म्हणा, मी सून बसवतो."

मामांनी उताराकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. होय म्हणणे फार सोपे होते. त्यांना ते जमले नाही.

"ज्याच्या जिवावर एवढी वर्षं गाडी चालवली," ते म्हणाले, "त्याच्या म्होरनं हात न जोडता कसा जाऊ? आन ती बी पोटुशी लेक गाडीत बसवून?"

ज्योतीराम यांचा हात गळ्यातील तुळशीच्या माळेकडे गेला. ते स्वतः माळकरी होते.

त्या वेळी घरातून वैजयंता बाहेर आली. हातात पिशवी होती, पदर पोटावरून घट्ट घेतलेला होता. तिने वडिलांकडे पाहिले, मग बंपरकडे.

"आबा, गाडी म्हसोबावर घातली म्हणं?"

"घातली न्हाई. गेली."

"सूनबाई, आत जावा," ज्योतीराम म्हणाले. "आज जाणं न्हाई."

"मग कवा, मामंजी? पितरं लागली की सातवा सरतोय. मग तुम्हीच म्हणशीला, आठव्यात पाठवत न्हाईत. नवव्यात तुमच्या छातीत धडधड सुरू हुईल, तवा बी म्हणशीला नको. आक्का सुईणीनं परवा मला शेजारची काशी समजून पोट दाबलं. मी काय करू?"

वैजयंताने पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती वडिलांकडे वळली.

"आबा, एस.टी.त कंडक्टर कशाला असतो?"

"तिकिटं फाडायला."

"आन?"

"घंटी मारायला."

"तुम्ही कवा तिकिटं फाडली?"

"मी? मी कशाला फाडू? ते त्याचं काम."

"मग आज मी कंडक्टर. गाडी तुमची, नमस्कार माझ्याकडं. खाली सपाटी लागली की मी घंटी देते. मग गाडी हुबी करून काय करायचं ते करा."

मामा विचारात पडले. हा प्रश्न त्यांनी नियमाच्या अंगाने तपासला असावा, कारण ते शेवटी म्हणाले, "कंडक्टरनं घंटी दिल्याबिगर ड्रायव्हरला उतरता येत न्हाई, हे खरं हाय."

ज्योतीराम एकदम म्हणाले, "मी बी येतो. खालपतूर."

"कशाला?"

"पॅसेंजर म्हणून."

वाडीतील बायकांनी वैजयंताची ओटी भरली. मामींनी पाठविलेल्या बांगड्या तिने तेथेच भरल्या. पुढे मामांशेजारी ज्योतीराम बसले, मागे मी व वैजयंता. गाडी पहिल्या गिअरमध्ये उतरू लागली.

जांभूळ दिसू लागले तेव्हा मी मागून मामांचे हात पाहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मनगटावरील शिरा वर आल्या होत्या. मान किंचित लवली, ओठ हलले. हात हलले नाहीत. आमच्याच चाकांनी चौथऱ्यापर्यंत काढलेले दोन चर बाजूने गेले.

वैजयंताने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "म्हसोबा, हे आबांचं. माझं येगळं, नंतर करते."

माझे हात या खेपेस मी गुडघ्यांखाली दाबून ठेवले होते. ज्योतीराम यांनीही हात जोडले नाहीत. त्यांनी देवाकडे पाहिलेच नाही. ते सबंध वेळ मामांच्या हातांकडे पाहत होते.

सपाटी लागली.

"टिंग," वैजयंता म्हणाली.

मामांनी गाडी रस्त्याच्या कडेस घेतली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, इंजिन बंद केले. ते उतरले, चाकास दगड लावला, चपला काढून गाडीत ठेवल्या आणि अनवाणी पायांनी चढणीच्या दिशेने परत निघाले.

"कुठं चालले?" ज्योतीराम यांनी विचारले.

"म्हसोबाला," वैजयंता म्हणाली. "नमस्कार करून येतील."

"एवढा चढ चालत?"

"त्याशिवाय गाडी न्हाई चालायची, मामंजी."

आम्ही थांबलो. पावसाचे चार थेंब टपावर पडले आणि थांबले. ज्योतीराम काच खाली करून चढणीकडे पाहत होते. मामांचा पांढरा सदरा झाडीत दिसे, नाहीसा होई.

"ह्याच चढावर," ज्योतीराम म्हणाले. ते कोणाशी बोलत आहेत हे मला कळेना. "दुसऱ्या खेपेला हिच्या सासूचं आडलं. चौघांनी झोळी केली. पाऊस हुता. म्हसोबाच्या खाली एकाचा पाय घसरला, हात सुटला. मी हुतो त्यो. पुढच्या डाव्या बाजूला."

वैजयंता त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली.

"ती गेली. पोर बी. हिचा नवरा तवा एवढा हुता." त्यांनी हात सीटच्या उंचीस नेला. "तवापासनं ठरवलं. माझ्या घरातली बाई पोटुशी असताना ह्या उतारावरनं पायी जाणार न्हाई आन झोळीतनं बी जाणार न्हाई. चाकावरनंच जाईल. आन तिच्या पुढं कुणाचा हात सुटणार न्हाई."

"मामंजी, आम्हाला वाटलं," वैजयंता म्हणाली, "तुम्ही आबांची जिरवायला..."

"त्येंना बी तसंच वाटतंय. वाटू दे." मग दाराची कडी उघडीत, "म्हशी मी रातीच जुंपून ठेवल्या हुत्या. आडली गाडी तर असाव्यात म्हणून."

ते उतरले. त्यांनी खिडकीतून हात घालून सुनेच्या डोक्यावर ठेवला. "पोचल्यावर कुणाकडनं तरी निरोप धाडा." मग मला म्हणाले, "मिस्त्री, गाडी चांगली केलीसा." आणि ते चढणीस लागले.

मी मागील काचेतून पाहत होतो. वरून मामा उतरत होते, खालून ज्योतीराम चढत होते. मध्यावर, जेथे माती सर्वांत ओली आहे, तेथे दोघे समोरासमोर आले. ते काय बोलले हे मला ऐकू आले नाही. अंतर पुष्कळ होते. दोघांनीही एकमेकांस हात जोडले, आणि त्याच क्षणी मामांचा पाय घसरला. ज्योतीराम यांनी त्यांना दोन्ही हातांनी धरले. धरताना त्यांचाही पाय गेला, तेव्हा मामांनी त्यांना धरले. लग्नात व्याह्यांची भेट होते तसे ते दोघे तेथे एकमेकांस घट्ट धरून उभे राहिले. ती भेट होती की केवळ तोल सावरणे होते, हे मी ठरवू शकत नाही. पाय जमिनीवर ठरल्यानंतरही बराच वेळ त्यांनी एकमेकांस सोडले नाही, एवढे मी पाहिले.

मामा परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी पाय पुसले, चपला घातल्या, आणि आरशात लेकीकडे पाहिले.

"टिंग टिंग," ती म्हणाली, आणि आम्ही कोल्हापूरच्या वाटेस लागलो.

यथावकाश वैजयंतास कन्यारत्न झाले. बाळबाळंतीण सुखरूप होत्या. बारशास ज्योतीराम सरनोबत आले, तेव्हा त्यांना आणावयास मामा स्वतः गाडी घेऊन वाडीस गेले होते.

माझ्यासारख्या सातवी इयत्तेपर्यंत शिकलेल्या माणसाने लिहिलेले हे निवेदन ज्यांनी शेवटपर्यंत वाचले, त्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

हिंदुराव केरबा चौगले,
मोटार मिस्त्री, उद्यमनगर, कोल्हापूर